अपडेट ६ : सातव्या थराला भिंत का डुलली ते सापडलं

मंडळी, यावेळी उशीर झाला, मधले सगळे रविवार लावलेले थर परत उतरवण्यात गेले. पण आता कारण हाताला लागलंय आणि इतका आनंद झालाय की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नवीन कोणी असेल तर थोडक्यात. घरामागे कलमांच्या नर्सरीला लागून पालापाचोळ्याच्या खताचे तीन कप्पे करतोय, मागची लांब भिंत १८ काँक्रीट ब्लॉकची, सात थर, मधे आडव्या छोट्या भिंती ज्या तिला आधारही देतात. सगळं कोरडं रचायचं, सांध्यात मसाला नाही, उद्या जागा बदलावीशी वाटली तर ब्लॉक उतरवून दुसरीकडे नेता आले पाहिजेत. कप्प्यात पाला हलका असतो म्हणून हे चालतं, भरलेली माती अडवायला अशी सरळ उभी कोरडी भिंत कोणी उभारू नका, मातीचा रेटा वेगळाच असतो, तिथे भिंत मागे कलती आणि बुडाला रुंद लागते. ब्लॉकऐवजी जांभ्याचा चिरा का नाही हा वाद मागच्या अपडेटला पोटभर झालाय.

आधी चांगली बातमी. पायाचा पीसीसीचा (साध्या काँक्रीटचा) पट्टा आणि त्यावरचा पहिला थर एकदम फर्स्ट क्लास झाला. पाण्याच्या नळीने लेव्हल काढली, सात मीटरमध्ये या टोकाला आणि त्या टोकाला मिळून २ मिमीचा फरक. पहिला थर तेवढा मसाल्यात बसवलाय, तो जिथे आहे तिथेच ठेवायचा असं तेव्हा ठरलं होतं. एक हिशोब मात्र चुकला, तो तुमचा चुकू नये म्हणून सांगतो. आठ इंची होलो ब्लॉक ४०० × २०० × २०० म्हणून विकतात पण त्यात १० मिमीचा सांधा धरलेला असतो, खरा ब्लॉक ३९० × १९० × १९०. कोरडं रचताना सांधाच नाही, त्यामुळे १८ ब्लॉकची भिंत ७.२० ऐवजी ७.०२ मीटर भरली आणि पट्टा एका टोकाला १८ सेंटीमीटर मोकळा राहिला. तिथे आता बादली ठेवतो.

तर मूळ दुखणं. चौथ्या थरापर्यंत सगळं ठीक वाटत होतं, पाचव्याला पाणसळ ठेवली की बुडबुडा इकडे तिकडे करायला लागला, सहाव्याला काही ब्लॉक हाताने दाबले की टुकटुक हलायचे, आणि सातवा चढवल्यावर भिंतीच्या मधोमध हात लावला तर अख्खा दोन-तीन ब्लॉकचा पट्टा डुलायचा. पीसीसी खचलं का बघितलं, नाही. सळ्यांमुळे ब्लॉक अडकतोय का बघितलं (१० मिमीच्या सळ्या पट्ट्यातून उभ्या काढल्यात, त्यांवरून ब्लॉक ओवून खाली आणायचा आणि शेवटी ती पोकळी खडीची बारीक कच भरून ठोकायची हा आपला जुनाच प्लॅन), तर तेही नाही. टेपने ब्लॉक मोजले, सगळे १९०. म्हणजे निदान टेपवर तरी.

मग लेथवाल्या मित्राकडून बारा इंची कॅलिपर आणला. ६० ब्लॉक घेतले, प्रत्येकाच्या चारही कोपऱ्यांवर उंची मोजली, २४० आकडे वहीत लिहिले. लांबी आणि जाडी जवळजवळ सगळ्यांची सारखी, मिलिमीटरभर इकडे तिकडे. उंची? १८७.५ पासून १९३ पर्यंत! त्यातही काही ब्लॉक एका टोकाला १८९ आणि दुसऱ्या टोकाला १९१.५, म्हणजे ब्लॉकच उताराचा.

असं का होतं ते बघायला ज्यांच्याकडून माल घेतला त्यांच्या यार्डात एक सकाळ उभा राहिलो. अंडी घातल्यासारखं कोब्यावर ब्लॉक सोडत पुढे सरकतं ते मशीन आहे त्यांच्याकडे. साच्याच्या चार बाजू लोखंडाच्या आहेत म्हणून लांबी-जाडी पक्की. उंची मात्र साचा ठरवतच नाही, ती ठरते मिक्स किती पडलं, किती ओलं होतं आणि वरचा दाब व्हायब्रेशनमध्ये किती खाली गेला यावर. कडेच्या खान्यात मिक्स कमी पडलं की तो ब्लॉक बुटका. शिवाय खालचा कोबा जिथे खडबडीत तिथला छाप ब्लॉकच्या बुडाला. हे सगळं डोळ्याने बघितल्यावर आकड्यांचा अर्थ लागला.

आणि गंमत म्हणजे तो माल नियमात बसतो. आयएस २१८५ या काँक्रीट ब्लॉकच्या भारतीय मानकाच्या भाग १ मध्ये लांबीला ५ मिमी कमीजास्त आणि उंची-जाडीला ३ मिमी कमीजास्त चालतं. नेहमीच्या बांधकामात १० मिमीचा मसाला हे सगळं पोटात घेतो, गवंडी थापीने दोन टोले मारतो की झालं. आपण मसालाच काढून टाकला, म्हणजे ते पोटच काढून टाकलं.

मला आधी वाटत होतं की फरक साठत जातो आणि वर वर जाऊन वाढतो. तसं होतंच असं नाही, काही जास्त काही कमी, बरेचदा एकमेकांना खाऊन टाकतात. खरा घोटाळा शेजाऱ्या-शेजाऱ्यात आहे. सांधेमोड असल्यामुळे वरचा ब्लॉक खालच्या दोन ब्लॉकवर अर्धा-अर्धा बसतो, त्यातला एक १९२ आणि दुसरा १८९ असेल तर वरचा उंच वाल्याच्या कडेवर टेकतो आणि दुसरीकडे अधांतरी. एकूण भिंत लेव्हलमध्ये दिसेल, पण एकेक ब्लॉक दोन-तीन टोकांवर उभा असतो.

त्यावर पहिला उपाय म्हणून फटीत पत्र्याचे तुकडे आणि टाइल्सच्या चिपा सरकवल्या. हलणं लगेच थांबलं, मी खूश. तिसऱ्या दिवशी वरचा थर चढवताना सहाव्या थरातून बारीक ‘टक्’ असा आवाज आला. वाकून बघितलं तर तिसऱ्या ब्लॉकच्या बरोबर मधे, वरच्या ओठापासून खालपर्यंत केसाएवढी सरळ रेघ. नखाने चाचपली तर नख अडकलं. सगळं वजन दोन चिपांवर आलं होतं आणि मधला भाग वाकून तुटला, काँक्रीट दाब झेलतं पण ताण झेलत नाही हे पाठ होतं, ते त्या दिवशी बोटाला लागलं. चिपा सगळ्या काढून टाकल्या. डांबरी फेल्टच्या पट्ट्या घालून बघितल्या, त्या दबून साधारण मिलिमीटरभराचा फरक खातात, पण त्यापुढे नाही, आणि उन्हात कडेने डांबर बाहेर येतं.

इथे सप्लायरबद्दल थोडं. तिघांकडे गेलो, तिघांनीही आधी स्ट्रेंथचा रिपोर्ट दाखवला, एकाने दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून ‘बघा कसा टणटण वाजतो’ म्हणून ऐकवलं. पण आपल्या कामाला स्ट्रेंथचा प्रश्नच नाही. माझ्या वजनकाट्यावर एक ब्लॉक १९ किलो, सर्वात खालच्यावर सहा ब्लॉकचं म्हणजे ११४ किलो, ते ३९ × १९ सेंटीमीटरवर पसरलं तर चौरस सेंटीमीटरला दीडशे ग्रॅमच्या आसपास. लोड घेणाऱ्या होलो ब्लॉकचा सगळ्यात खालचा ग्रेडसुद्धा चौरस मिलिमीटरला ३.५ न्यूटनचा, म्हणजे चौरस सेंटीमीटरला ३५ किलोच्या आसपास, दोनशे पटीहून जास्त ताकद हातात आहे. कोरड्या भिंतीसाठी ब्लॉक निवडायचा तर पहिला प्रश्न उंचीचा विचारा, ‘एका गाडीत उंचीचा फरक किती येतो’, आणि स्वतः वीस ब्लॉक मोजा. एमआयडीसीतल्या हायड्रॉलिक मशीनवाल्याचा माल मोजला तर फरक दोन मिमीच्या आत होता, पण गाडीभाड्यासकट ब्लॉक ५२ रुपयांना पडतो आणि ते ५०० ब्लॉकच्या खाली देत नाहीत. मला लागतात १२६.

कोणीतरी एएसी (आत हवेचे बुडबुडे असलेले हलके ब्लॉक) सुचवलं होतं. ते तारेने कापतात म्हणून मापाला फार चांगले, पण पाणी फार पितात, आणि आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, उघड्यावर बिनप्लास्टरचे ते मी ठेवणार नाही. खाच असलेले खांब आणि त्यात सरकवायच्या फळ्या, ते रेडीमेड कंपाऊंडही बघितलं, खांब जमिनीत गाडावे लागतात, मग मोकळं करून हलवायचं कसं.

मधे एका संध्याकाळी आमच्या वाडीतले गडगे (दगडाच्या कोरड्या भिंती) घालणारे काका आले. सत्तरी ओलांडलेली, हयात गडगे घालण्यात गेली. त्यांनी हलणारा ब्लॉक बोटाने दाबून बघितला आणि म्हणाले, “दगड हलला म्हंजे तो तिथला न्हाय. उचल, फिरव, न्हाय बसला तर दुसरा बघ.” गडग्यात प्रत्येक दगडाची जागा शोधतात, आणि मी सगळे ब्लॉक सारखे आहेत असं धरून गाडीतून येतील तसे लावत होतो.

तिथून वर्गवारीचा विचार आला. लेथवाल्या मित्राने पट्टीच्या लोखंडाचे दोन यू करून दिले, एकाचं तोंड १८९.५ आणि दुसऱ्याचं १९१. लहान यू मधून गेला तो बुटका, त्याला चुन्याची रेघ. मोठ्यातूनही नाही गेला तो उंच, त्याला गेरू. मधले कोरे. दोन्ही टोकांना यू लावायचा, टोकं वेगवेगळ्या वर्गात आली की ब्लॉक उताराचा, तो बाजूला. एक ब्लॉक दहा सेकंदात होतो, कॅलिपर घेऊन बसायची गरज नाही. सुट्या १२६ ब्लॉकमधले ३१ बुटके, ५८ मधले, १९ उंच आणि १८ उताराचे निघाले. एक थर एकाच वर्गाचा लावायचा, बस. दुसरा, तिसरा, चौथा थर मधल्यांतून परत लावले आणि हलणारे फक्त पाच निघाले, त्यातले तीन नुसते टोकाला टोक बदलून फिरवल्यावर बसले. बाकीच्या दोघांची जागा बदलली. चार थरांवर मी स्वतः उभा राहिलो, ७२ किलो, आवाज नाही, हालचाल नाही. हे लिहितानाही छान वाटतंय.

फक्त आता गणित अडतं. ५८ मधल्यांतले तीन थरांत ५४ गेले, बुटक्यांतून एक थर, उंचांतून एक, मग उरलेल्यांचा पूर्ण थर होत नाही. आणखी माल आणायचा, परत निवडायचा, परत उरणार. इथपर्यंतचं मी मंगळवारी लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘एमआयडीसीतून ५०० घेतो’ असं लिहिणार होतो.

बुधवारी मित्राकडे यू परत करायला गेलो तर तो सहज म्हणाला की साच्याची उघडी बाजू एकच असते, तर नको असलेलं माप त्या बाजूला टाक ना. म्हणजे ब्लॉक आडवा पाडून ओतायचा! उंची दोन लोखंडी प्लेटच्या मधे अडकते, ती कायम तेवढीच, आणि थापीने घोटलेली उघडी बाजू भिंतीच्या जाडीत जाते. जाडीत दोन-तीन मिमी इकडेतिकडे झाले तरी ते भिंतीच्या मागच्या अंगाला, पाल्याकडे, कोणाला काय फरक पडतो. मी तिथल्या तिथे बाकावर बसून चित्र काढलं.

माप ठरवलंय ३९० × १९० × १५०, भरीव. १९० जाडीचा भरीव केला तर ३४ किलो होतो, तो उचलून सळीवरून ओवणं पाठीला परवडणार नाही, हा २७ च्या आत राहतो. सळ्यांसाठी ६३ मिमीचे पीव्हीसी पाईप साच्यात आरपार घालायचे, लांबीच्या पाव अंतरावर दोन्ही बाजूंनी, म्हणजे अर्ध्या सांधेमोडीतही भोकावर भोक येतं आणि सळी सरळ वर जाते. आहेत त्याच सळ्या जुळतात हे बघितलं, होलो ब्लॉकच्या पोकळ्याही जवळपास तिथेच होत्या.

धीर धरवला नाही, शुक्रवारी शटरिंगच्या १८ मिमी प्लायचा कच्चा साचा केला आणि रोज एक असे चार ब्लॉक ओतले. सिमेंट, वाळू, खडी १:१.५:३, खडी बारीक, वाळू म्हणजे क्रश सँड, पाणी बेताचं. या प्रमाणात एका गोणीत साधारण ११ ब्लॉक बसतात. दुसऱ्या दिवशी साचा सोडायचा आणि टाकीत बुडवायचे, चौदा दिवस. आज चौथा निघाला. उंची : १९०.२, १९०.०, १९०.४, १९०.१. प्लायच्या साच्यात! दोन एकमेकांवर ठेवले तर मधून फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांचं) अर्ध्या मिलिमीटरचं पान जात नाही. बायकोला बोलवून दाखवलं, तिने हात फिरवून बघितला आणि म्हणाली की कोपरे धारदार आहेत, पोरांना लागतील. बरोबर आहे, पक्क्या साच्यात कोपऱ्याला १० मिमीची तिरकी पट्टी टाकतोय.

तर आता प्लॅन असा : निवडलेले होलो ब्लॉक मधल्या छोट्या भिंतींना आणि मागची लांब भिंत पहिल्या थरासकट नव्याने घरच्या ब्लॉकची, मे संपायच्या आत. ५ मिमी प्लेटचे सहा साचे सांगितलेत, उंचीच्या प्लेटा पाचर ठोकून घट्ट होतील असे, त्यातच एक सरकती प्लेट टाकून अर्धे ब्लॉकही निघतील.

एकच अडचण आहे, जाणकारांनी सांगा. पीव्हीसी पाईप किती तासांनी फिरवून काढता? मी चार तासांनी काढला तर भोकाच्या वरच्या कडेची खडी सुटून आली, सहा तासांनी पाईप इतका धरला की मित्राला बोलवावं लागलं. पाईपला ऑइल लावूनही. उद्याच्या ब्लॉकला पाईपवर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून बघतो.