लिज्जतसारखं का नाही जमत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं कुणी ना कुणी विचारतंच. कधी देणगीदार, कधी सासरची माणसं, कधी दादरच्या प्रदर्शनात पिशवीची शिवण ओढून बघणाऱ्या काकू: "गोवंडीत इतकी वर्षं बायकांकडून पिशव्या शिवून घेता, मग अजून अनुदान कशाला? लिज्जत बघा!"

लिज्जत बघितलंय. 1959 साली गिरगावात सात जणींनी 80 रुपये उसने घेऊन सुरुवात केली. तोंडपाठ आहे, कारण आमच्या पहिल्या प्रस्तावात मीच ते घातलं होतं आणि खाली 'तीन वर्षांत स्वयंपूर्ण' असं ठोकून दिलं होतं. त्याच प्रस्तावात शेजारी अन्नपूर्णा महिला मंडळ. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये गिरणगावातल्या खाणावळवाल्यांना एकत्र आणलं, सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तेव्हा मला एक दिसलं नव्हतं: त्या बायकांचं गिऱ्हाईक दाराशी जेवायला यायचं. निदान 1982 च्या गिरणी संपापर्यंत. आणि ज्या खोलीत चूल होती, ती खोली कुणी पाडायला येत नव्हतं.

आमच्याकडे एकदा महिला दिनाची ऑर्डर होती. 8 मार्चच्या आत एका कंपनीला 'नारीशक्ती' छापलेल्या पिशव्या हव्या होत्या. शेडचं भाडं परवडत नव्हतं, म्हणून मशिनी बायकांच्या घरीच. फेब्रुवारीअखेर एका सकाळी नाल्याकडच्या गल्लीत जेसीबी शिरला. नोटीस लावली होती म्हणे. मी पोचले तेव्हा आमची सगळ्यात जुनी मावशी रस्त्यावर उभी, मशीन अर्धं पत्र्याखाली, कापून ठेवलेलं कापड नाल्याच्या गाळात. मी मशिनीकडे धावले तर माझा हात धरून म्हणाली, "ताई, ते ऱ्हाऊ द्या. आधी ही पिशवी धरा, कागद हायेत." प्लास्टिकच्या पिशवीत वीजबिल, रेशनकार्ड, मतदार यादीचा उतारा. झोपडपट्टी पुनर्वसनात झोपडी 1 जानेवारी 2000 पूर्वीची ठरली तर घर मोफत, 2011 पर्यंतची ठरली तर पैसे भरून, त्यानंतरची असेल तर काही नाही. मावशी त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे. पण बिल वारलेल्या नवऱ्याच्या नावावर आणि यादीत तिचं आडनाव चुकलेलं.

पुढचा सगळा आठवडा शिवण तपासायला ठेवलेली आमची मुलगी झेरॉक्स, प्रतिज्ञापत्रं आणि साहेबांच्या केबिनबाहेरच्या बाकड्यावर. पिशव्या निम्म्याच झाल्या. कंपनीने अतिशय सभ्य ईमेल पाठवून त्याही नाकारल्या. बायकांची मजुरी अनुदानातून दिली. तेच ते, ज्याबद्दल तुम्ही विचारता.

आता सांगा, पिशवीच्या किमतीत कापड, दोरा, मजुरी, टेम्पो धरला. प्रतिज्ञापत्र कुठल्या रकान्यात घालू? किंमत वाढवली तर त्या काकू पिशवी खाली ठेवतात.

आधीची मी म्हणाली असती, धंदा वेगळा कर, कागदपत्रांचं काम वेगळ्या संस्थेला दे. हिशेबाला ते बरोबर आहे. पण गल्ली तुटली की धंद्याची बाई आणि कागदाची बाई एकच असते. तरीही त्या आधीच्या मीचं म्हणणं मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. अनुदानाची सवय लागते. मला अहवाल लिहायला जमतो, दुकानदाराशी भाव करायला नाही. त्यानंतर एकीने मशीन परत केलं, चेंबूरला घरकामाचे जास्त सुटतात म्हणाली. सुटतातच. तिला थांब म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं.

सध्या बायकांचा आग्रह आहे की मानखुर्दला गाळा घेऊ, मशिनी घरात नकोत. मला वाटतं, लहान पोरं असलेल्या तिथवर येणार नाहीत. यावरून दोन बैठका भांडणात गेल्या. मावशी गाळ्याच्या बाजूने आहे. तिचं स्वतःचं प्रकरण अजून लटकलेलंच आहे. गाळ्याचं भाडं कुठून देणार, हे तुम्ही विचारणारच. पहिलं वर्ष तरी अनुदानातून.