रात्रभर पास, दिवसा नापास

मशीन थ्रीडी रेंडरिंगचं होतं. एएमडीचा सातहजारी रायझन प्रोसेसर आणि रॅमच्या ४८ जीबीच्या चार डीडीआर५ स्टिक्स, एकूण १९२ जीबी. तक्रार अशी, की मोठा सीन रेंडरला टाकला की तासाभरात प्रोग्राम आपोआप बंद. विंडोज नव्याने टाकून झालं होतं, ड्रायव्हर बदलून झाले होते. बायोस (मशीनची मूळ सेटिंग्ज) उघडलं तर रॅम ६००० वर, म्हणजे सेकंदाला ६००० दशलक्ष ट्रान्सफरच्या वेगाने पळवलेली. चार ड्युअल रँक (चिप्सचे दोन गट असलेल्या) स्टिक्स लावल्या की या प्रोसेसरची अधिकृत हमी जेमतेम ३६०० ची. एक्सपो प्रोफाइल, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारं तयार सेटिंग, दोन स्टिकच्या किटसाठी तपासलेला असतो. तसे दोन किट शेजारी शेजारी खोचले की तो चालेलच असं नाही. साहजिकच पहिला संशय मेमरी कंट्रोलरवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागावर.

रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून ठेवला. एवढ्या रॅमची एक फेरी पुरी व्हायलाच तासन्‌तास जातात. सकाळी पाहिलं तर एकही एरर नाही.

इथे बरेच जण रॅमला क्लीन चिट देतात आणि खापर ग्राफिक्स कार्डावर फोडतात. मला पटेना. मेमटेस्ट पेनड्राइव्हवरून चालतं, तेव्हा कार्ड नुसतं बसून असतं. रेंडरच्या वेळी तेच कार्ड शेकडो वॅट खेचतं आणि त्याची गरम हवा थेट स्टिक्सवर जाते. म्हणून विंडोजमध्येच चालणारी टेस्टमेम५ ही रॅमची टेस्ट लावली, जोडीला कार्डावर पूर्ण लोड टाकला आणि एचडब्ल्यूइन्फो या सेन्सर दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक स्टिकचं तापमान बघत बसलो. (डीडीआर५ मध्ये सेन्सर स्टिकवरच असतो, ही मोठी सोय.) मधल्या दोन स्टिक्स चढत चढत ६६ अंशांवर गेल्या आणि पहिली एरर पडली. मागोमाग दुसरी, मग रांगच लागली.

कॅबिनेटची बाजू काढून एक छोटा पंखा नेमका स्टिक्सवर धरला. तापमान पन्नाशीच्या खाली आलं. तोच टेस्ट, कार्डावर तोच लोड, एकही एरर नाही. दोष कंट्रोलरचा असता तर स्टिक्सवर वारा घालून काही फरक पडला नसता.

पण ६६ अंश म्हणजे काही फार नव्हे, चिपची नेहमीची मर्यादा ८५ ची. म्हणजे पाणी दुसरीकडेच मुरत होतं. बायोसमधल्या रॅमच्या टायमिंगच्या यादीत खाली उतरलो आणि सापडलं: टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर, क्लॉकच्या ठोक्यांत) ६५५३५.

डीरॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका चिमुकल्या कपॅसिटरमधला चार्ज. तो सतत गळतो, म्हणून दर ३.९ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेशची, म्हणजे चार्ज पुन्हा भरण्याची कमांड द्यावी लागते. ६००० वर त्याचा आकडा येतो ११७००. इथे तो साडेपाचपटींहून जास्त ताणलेला. ताणण्याचा मोहही मोठ्या चिप्सच्या बाबतीतच जास्त होतो: १६ गिगाबिट चिपचा रिफ्रेश २९५ नॅनोसेकंदांत उरकतो, या ४८ जीबी स्टिक्समधल्या २४ गिगाबिट चिपला ४१० लागतात आणि तेवढा वेळ रॅम अडून राहते. रिफ्रेश लांबवला की बेंचमार्कचे आकडे झकास दिसतात. फक्त चिप तापली की गळती वाढते आणि पुढच्या रिफ्रेशपर्यंत चार्ज टिकत नाही.

वेग ६००० वरच ठेवला, टीआरईएफआय ११७०० वर आणला, पंखा कायमचा बसवला. कार्डावरच्या लोडसकट टेस्ट स्वच्छ पार पडला. लेटन्सी (रॅमकडून उत्तर यायला लागणारा वेळ) थोडी वाढली. रेंडरच्या वेळेत काही सेकंदांचाच फरक.

मालक खूश झाले, पण मला काळजी वेगळीच होती. डीडीआर५ च्या चिपमधलं ईसीसी (चुका दुरुस्त करणारी सोय) एकेका बिटची चूक आतल्या आत दुरुस्त करतं, बाहेर कुणाला कळवत नाही, आणि त्याच्या आवाक्याबाहेरची चूक गुपचूप फाइलमध्ये जाते. ‘‘हे सेटिंग केल्यापासून जे जे सेव्ह केलंत ते सगळं तपासावं लागेल,’’ असं सांगितलं. त्यांनी त्या काळात बॅकअप ड्राइव्हवर कॉपी केलेल्या फाइल मूळ फाइलींशी चेकसमने (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या आकड्याने) ताडून पाहिल्या. टेक्सचरच्या दोन आर्काइव्ह जुळल्या नाहीत, आणि त्यातल्या एकीची मूळ फाइलच बिघडलेली निघाली.