पर्जन्यमापक लॉग: मोजणी शून्य करतंय कोण?

रविवारी सकाळी खानापूर तालुक्यातून मामांचा फोन. "रात्रभर पाऊस कोसळूलाय की रे, आणि तुझं मशीन शून्य पॉइंट चार म्हणूलंय!" कणकुंबीच्या बाजूला, ऐन आषाढात, ०.४ मिलिमीटर? मोजणी मधेच पुसली जात होती, हे उघड होतं.

रचना साधी आहे. दोन कप्प्यांचं पन्हाळं भरलं की कलंडतं, चुंबक रीड स्विचवरून (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) जातो, इंटरप्ट येतो, म्हणजे चिपला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा, आणि आकडा एकानं वाढतो. एक कलंडी म्हणजे ०.२ मिलिमीटर. एटीमेगा ३२८पी ही छोटी कंट्रोलर चिप आणि दर तासाला एसएमएस पाठवणारं जीएसएम मॉड्यूल, दोन्ही एकाच लिथियम सेलवर.

यंत्र बेळगावला आणून स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं उपकरण) लावला. एसएमएस जाताना मॉड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. व्होल्टेज २.७ च्या खाली जातं आणि ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज कमी पडलं की जागा होणारा चिपमधला पहारा, चिपला रिसेट करतो. मॉड्यूलजवळ मोठा कॅपॅसिटर लावल्यावर रिसेट बरेच कमी झाले. पण माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीत अडकलं होतं. व्होल्टेज क्षणभरच खाली जात होतं, रॅममधला आकडा बहुतेक वेळा तगायला हवा होता. मग शून्य आलं कुठून?

माझ्याच प्रोग्रॅममधून, 'मेन' (आपण लिहिलेला मुख्य भाग) सुरू व्हायच्या आधी. डिसअसेंब्ली, म्हणजे चिपच्या सूचनांची वाचता येणारी यादी, उघडून बघाच. आपण न लिहिलेली दोन छोटी लूप तिथं असतात. ज्या ग्लोबल व्हेरिएबलला आपण किंमत दिलेली असते, तिची मूळ प्रत फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेमरीत असते. पहिली लूप 'एलपीएम' या सूचनेनं एकेक बाइट वाचते आणि 'एसटी' या सूचनेनं रॅममध्ये मांडते. हा झाला डेटा विभाग. शून्य दिलेली किंवा काहीच न दिलेली ग्लोबल व्हेरिएबलं बीएसएस विभागात जातात. त्यांच्यासाठी फ्लॅशमध्ये जागा लागत नाही, दुसरी लूप सरसकट शून्य लिहीत सुटते. सी भाषेचा नियमच तो, आणि प्रत्येक रिसेटला तो पाळला जातो. माझी मोजणी नेमकी बीएसएसमध्ये बसली होती.

जाता जाता: एसएमएसची वाक्यंही डेटा विभागात बसून चिपच्या एकूण २ केबी रॅममधली जागा खात होती. ती फ्लॅशमध्येच ठेवली.

मोजणी आता नोइनिट विभागात आहे. तिथं स्टार्टअप कोड हात लावत नाही. पण वीज पूर्ण जाऊन आली तर तिथं कचराच सापडणार, म्हणून शेजारी दोन पहारेकरी ठेवलेत: ४२३३० ही ठरलेली खूण आणि मोजणीचीच सगळे बिट उलटे केलेली प्रत. दोन्ही जुळलं तरच आकडा खरा मानायचा, नाहीतर ईईप्रॉममधली (वीज गेली तरी टिकणारी छोटी मेमरी) शेवटची नोंद घ्यायची. ईईप्रॉमच्या एका जागी साधारण १ लाख वेळाच लिहिता येतं, त्यामुळे दर कलंडीला तिथं लिहिणं मला पटत नाही. तासाला एकदा पुरे. रिसेट कशामुळे झाला तेही नोंदायचं होतं, पण ते कारण सांगणारं रजिस्टर बूटलोडर (आपल्या प्रोग्रॅमच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) आपल्याआधी पुसू शकतो, म्हणून बूटलोडर काढून चिप थेट प्रोग्रॅमरनं भरली.

काल रात्री कॅपॅसिटर मुद्दाम काढून ठेवला. ब्राउनआउटचे तीन रिसेट नोंदले गेले, मोजणी ११८ वरून ११९ वर सरळ गेली.

उद्या कॅलिब्रेशन. तोंडाचा व्यास २० सेंटीमीटर आहे, म्हणजे एका कलंडीला ६.२८ मिलिलिटर पाणी बसायला हवं. सिरिंज आणून ठेवलीय.