यॉर्कमध्ये एक माणूस कमी

एकतीस. पुन्हा मोजले, एकतीसच. हवे होते बत्तीस.

दीड वाजता यॉर्क मिन्स्टर या कॅथेड्रलच्या दक्षिण दाराशी जमायचं, हे मी कोचमध्ये माइकवरून तीनदा सांगितलं होतं. पुढे एडिनबरोचा चार तासांचा रस्ता होता आणि तिथे जेवणाची वेळ दिलेली. गायब होते भुसावळचे काका. फोन काकूंच्या पर्समध्ये.

सकाळ तशी सुरळीत गेली होती. मिन्स्टरमधली पूर्वेची खिडकी दाखवली. टेनिस कोर्टाएवढी रंगीत काच, जॉन थॉर्नटनने १४०५ ते १४०८ या तीन वर्षांत पुरी केलेली. मंडळींनी माना वर करून 'वा' म्हटलं. पुढे शॅम्बल्स, जुनी खाटीकगल्ली. तिथली घरं वरच्या मजल्यांवर इतकी पुढे झुकलेली की समोरासमोरच्या खिडक्यांतून साखर उसनी घेता यावी. यॉर्कात रस्त्याला 'गेट' म्हणतात, व्हायकिंगांच्या भाषेतून आलेला शब्द आहे तो; आणि वेशीला 'बार'. मिकलगेट बारचं नाव घेतलं की मागच्या सीटवरून "किती वाजता उघडतो हो?" येतंच. दर टूरला येतं. दर टूरला मी हसतो.

काकू मात्र शांतपणे चिवडा खात होत्या. "स्टेशन कुठंय इथलं?" त्यांनी विचारलं. मी नदीपलीकडे बोट दाखवलं. "मग तिकडेच बघा."

नॅशनल रेल्वे म्युझियम आमच्या कार्यक्रमात नव्हतं. प्रवेश फुकट असूनही नव्हतं, कारण इंजिनं बघायला पैसे भरून कोण येतो, असं माझंच मत. लेंडल पुलावरून धावत सुटलो.

ग्रेट हॉलमध्ये एक वाफेचं इंजिन उभं चिरून ठेवलंय, पोटातलं सगळं दिसावं म्हणून. काका तिथेच होते. शेजारी लाल टाय लावलेले एक गोरे आजोबा, तिथले स्वयंसेवक. काकांना इंग्रजी येत नाही, असं काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं. आणि इथे दोघांचं जोरात चाललेलं: "फायरबॉक्स!" "येस, येस, इंजेक्टर!" मधल्या जागा हातवाऱ्यांनी भरलेल्या. काकांनी काल्पनिक फावड्याने कोळसा टाकून दाखवला, कमरेतून वळत, डावा पाय पुढे. आजोबांनी मान हलवली आणि स्वतःचा उजवा पाय पुढे टाकून दाखवला.

"काका, अहो, कोच थांबलाय!"

"या नळ्या घासल्यात मी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "क्लीनर म्हणून लागलो तेव्हा."

निघतानाही निळ्या मॅलार्डपाशी पाच मिनिटं गेलीच. ३ जुलै १९३८, ताशी १२६ मैल, वाफेच्या इंजिनाचा जागतिक विक्रम. आजोबा ते अभिमानाने सांगत होते. मग आवाज उतरवून आणखी काहीतरी म्हणाले.

कोचमध्ये एकतीस चेहरे आमच्याकडे बघत होते. काका जागेवर बसले, पट्टा लावला. शहर मागे पडल्यावर मला जवळ बोलावलं.

"त्या रेकॉर्डच्या दिवशी तिचा बिग एंड, चाक फिरवणाऱ्या दांड्याचं बेअरिंग, तापला म्हणे. पीटरबरोला गाडीवरून काढावी लागली." जरा थांबले. "आमच्याकडे चार्जशीट मिळाली असती."