आजीला पानं कशी कळतात?

"किलवरचे एक्का-राजा कधीच गेले होते. हुकूमही संपलेले. तू राणी उतरली असतीस तर मी तिच्यावर दश्शी घातली असती ना गं!"

डाव संपल्यावर आई माझ्या भाचीला सांगत होती. दुपारी लाइट गेले, म्हणून पत्त्यांचा मेंढीकोट मांडला होता. यात दोन-दोन भिडूंनी मिळून जास्त दश्श्या जिंकायच्या. आई आणि भाची भिडू होत्या.

भाची बघतच राहिली. "आजी, तुला सगळी पानं पाठ आहेत?"

"पाठ कसली? पडतात तेव्हा बघायची."

हे वाक्य दिवसभर डोक्यात घोळतंय. चौघांत तेरा-तेरा पानं. कोण कुठल्या रंगाला संपलाय, हुकूम किती उरलेत, दश्श्या कुणाकडे असतील, हे सगळं मनात ठेवायचं. वर भिडूशी चकार शब्द बोलायचा नाही. त्याने टाकलेल्या पानावरून ओळखायचं.

उन्हाळी शिबिरं, अबॅकसचे क्लास असू देत, चांगलेच आहेत. पण सत्तरी ओलांडलेली आजी आणि पाचवीतली नात बरोबरीने डोकं लावतात, असं दुसरं काय आहे? पुढच्या डावाला भाची प्रत्येक पडलेलं पान ओठांत पुटपुटत होती. मला फार बरं वाटलं.

तुमच्याकडे सुट्टीत काय रंगतं? बदाम सात, झब्बू, की भेंड्या?