लिंक असलेल्या कोणालाही

सोमवारी राज्यशास्त्राचे सर ग्रंथालयात आले ते घाबरूनच. चार पुस्तकांतलं एकेक प्रकरण स्कॅन करून त्यांनी एम. ए.च्या मुलांसाठी ड्राइव्हवर टाकलं होतं. पानापानावर आमचा शिक्का, दाखल क्रमांकासकट. "मॅडम, प्रकाशकाची नोटीस आली तर?"

या प्रश्नाचं उत्तर मला मनापासून द्यायला आवडतं. कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात मजकुराची प्रत काढू देतं. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानात पुस्तकांतल्या प्रकरणांचे संच काढून विकत, त्यावर ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने सांगितलं, शिकवणं म्हणजे नुसता वर्गातला तास नव्हे. किती पानं यापेक्षा शिकवायला तेवढी लागतात का, ते बघा. पण तो निकाल कागदी संचांचा. म्हणून मी म्हणते, प्रकरणं द्या, फक्त वर्गापुरती ठेवा.

तेवढ्यासाठीच फोल्डर उघडला. स्कॅनच्या खाली अंतर्गत गुणांची एक्सेल होती. पीआरएन म्हणजे विद्यापीठाचा नोंदणी क्रमांक, नाव, मोबाईल, प्रवर्ग, गुण, शेरा. शेऱ्यात एका मुलीच्या आजाराचं नाव होतं. ते इथे लिहीत नाही.

"अहो, आपलीच मुलं बघतात," सर म्हणाले. प्रकाशकाच्या धाकाने झोप उडालेल्या माणसाला ही फाइल खटकलीसुद्धा नव्हती. आमच्याकडे बहुतेकांचं असंच आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यावर एकही बैठक झालेली नाही.

फोल्डर 'लिंक असलेल्या कोणालाही' खुला होता. ते मीच शिकवलेलं. २०२० च्या टाळेबंदीत मुलं गावी, वडिलांच्या फोनवर, लॉगिन जमेना. मी सगळ्या शिक्षकांना हीच सेटिंग ठेवायला लावली. तेव्हा ते बरोबरच होतं. नंतर बंद करा म्हणून मी कधी सांगितलं नाही.

फाइल काढून टाकली. लॉगिनशिवाय कोणी कोणी उघडली, ते कळायला मार्ग नाही. सर म्हणाले, त्या मुलीला कशाला सांगता, उगाच त्रास. मला ते पटेना. मी फोन लावला.

"मॅडम, कधीपासून दिसत होतं?"

फाइल टाकल्याची तारीख मी लिहून ठेवली होती. सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग "बरं" म्हणाली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी एकेका विभागाचे फोल्डर उघडून बघते आहे. आज इतिहास झाला.