फेब्रुवारी १७५१

मी कॉपी एडिटर आहे. इंग्रजी कादंबऱ्या छपाईला जाण्याआधी माझ्या हाताखालून जातात. लोकांना वाटतं, आम्ही स्वल्पविराम टाकत बसतो. तेही टाकतो, पण कादंबरी ऐतिहासिक असली की निम्मा वेळ नायिकेचं वय मोजण्यात आणि 'हा घोडा एका दिवसात इतका पळणार नाही' हे लेखकाला नम्रपणे कळवण्यात जातो.

ख्रिस्ती ऐतिहासिक प्रेमकथा माझ्याकडे वरचेवर येतात. चुंबन एखाददुसरं, तेही शेवटाकडे, शिवी नाही, श्रद्धा एकदा डळमळणार आणि सावरणार. आमच्यातले काहीजण या पुस्तकांना नाकं मुरडतात. त्यांनी यातलं एकही बाड नीट तपासलेलं नाही. हा वाचक बायबल पाठ असलेला. वचनातला एक शब्द इकडचा तिकडे झाला की पत्र येतं.

हे बाड १८१६ सालच्या इंग्लंडमधल्या एका खेड्याचं. नायिकेच्या वडिलांच्या जन्माबद्दल गावात कुजबुज, आणि चुलतभाऊ इस्टेटीवर टपलेला. चर्चचा तरुण सहायक पाळक हा नायक. दोघं मेणबत्तीच्या उजेडात लग्नांचं जुनं रजिस्टर चाळतात आणि ओळ सापडते: आजी-आजोबांचं लग्न, १२ फेब्रुवारी १७५१. मुलाचा जन्म त्याच वर्षी, नोव्हेंबरअखेर. मूल औरस, चुलतभाऊ गप्प, एका पानावर दोन हात. प्रसंग सुरेख उतरला होता.

तोवर मला एकच मोठी चूक सापडली होती. नायिका 'अमेझिंग ग्रेस' आज आपण ऐकतो त्या चालीत गुणगुणते. शब्द १७७९ मध्येच छापले गेले होते, पण ही चाल त्यांना लागली १८३५ मध्ये, तीही अमेरिकेत. ते गुणगुणणं काढायला लावलं आणि स्वतःवर खूश झाले.

मग रात्री कालपत्रक भरताना त्या तारखेवर हात थांबला. इंग्लंडमध्ये तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. १७५१ हे वर्ष २५ मार्चला सुरू झालं आणि मधेच कायदा बदलल्यामुळे ३१ डिसेंबरला संपलं. १७५२ सुरू झालं ते १ जानेवारीला. (१७५२ च्या सप्टेंबरातले अकरा दिवस गाळले ते सगळ्यांना ठाऊक असतं, हे कुणाला नसतं.) म्हणजे इंग्लंडच्या सरकारी हिशेबात १७५१ ला फेब्रुवारी नव्हताच. पाळक डिसेंबर १७५० नंतर जानेवारी १७५०, फेब्रुवारी १७५० असं लिहीत जायचा आणि २५ मार्चला आकडा बदलायचा. फार काटेकोर असला तर तिरकी रेघ देऊन १७५०/५१.

त्यात त्या ओळीखाली सह्या नाहीत. लेखिकेचं ते बरोबरच होतं: नवरा-नवरी, दोन साक्षीदार आणि पाळक यांच्या सह्या १७५४ पासून बंधनकारक झाल्या, त्याआधी पाळकाने एक ओळ खरडली की झालं. पण आता त्या पानाचा अर्थच फिरला. जानेवारीत वर्ष बदलायची सवय झालेल्या कुणीतरी ती ओळ मागाहून रिकाम्या जागेत घुसवली असावी, असंच ते दिसत होतं. लेखिकेने नकळत आपल्याच नायिकेचा पुरावा खोटा पाडून ठेवला होता.

क्वेरीत, म्हणजे लेखिकेला पाठवायच्या शंकेच्या टिपेत, सोपा उपाय लिहिला: १७५१ चं १७५० करा, खुलाशाचं अर्धं वाक्य घाला. तिथेच थांबायला हवं होतं. आमचं काम चूक दाखवायचं, कथानक रचायचं नव्हे. पण मी खाली आणखी दोन परिच्छेद लिहिले. आकडा तसाच ठेवा. आधीच्या म्हाताऱ्या पाळकाने दयेपोटी ती ओळ वीस वर्षांनी लिहिली. नायकाच्या ते लक्षात येतं. आता तो खरं सांगेल, की ज्या मुलीवर जीव जडलाय तिचं घर वाचवेल?

दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्तर आलं. बाईंना रात्रभर झोप नव्हती. पुस्तकाला आता कणा मिळाला, म्हणाल्या. चार दिवसांनी दुसरी मेल. प्रकाशनाने नाही म्हटलं होतं. चांगला पाळक चर्चच्या वहीत खोटं लिहीत नाही, वाचक पुस्तक परत पाठवतील. आकडा १७५० करावा.

मला राग आला. कोंबडा आरवण्याआधी पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, हे ज्यांना पाठ आहे, त्यांना एक चुकलेला पाळक झेपणार नाही? की त्यांचे वाचक त्यांनाच ठाऊक, आणि मीच चाकोरी सोडली? अजून ठरत नाही.

शेवटची प्रुफं आली. रजिस्टरात १७५०, खुलाशाचं अर्धं वाक्यही जागेवर. मात्र चौथ्या प्रकरणात घरच्या बायबलाच्या कोऱ्या पानावर आजीच्या हस्ताक्षरात 'फेब्रुवारी १७५१' तसंच राहिलं होतं. चूक म्हणता येत नाही. आजीने ते म्हातारपणी, नव्या रीतीने वर्ष मोजून लिहिलं असेल. तरी दोन आकडे जुळत नाहीत म्हणून समासात खूण करणं हे माझं काम.

पेन्सिल त्या ओळीपाशी बराच वेळ धरली. मग पान उलटलं.